ताईंची खुर्ची

यवतमाळच्या आमच्या सॉफ्टवेअर ऑफिसात खिडकीपाशी बसणाऱ्या ताई उंचीला कमी. सकाळी आल्या की खुर्ची वर घेत, आणि संध्याकाळच्या पाळीचा माणूस यायच्या आत आठवणीने खाली करत. कूलरचं बटणही तीनवरून परत एकवर.

एकदा प्रोग्राम तपासायला मी लिहिलेली टेस्ट पास होई, पण तिच्यामागून चालणाऱ्या बाकीच्यांच्या टेस्ट धडाधड फेल. एकेकटी चालवली की सगळ्या पास! मी दोन दिवस डोकं खाजवलं. ताईंनी दोन मिनिटं पाहिलं.

"काहून रे, तुह्या टेस्टनं सगळ्या प्रोग्रामची भाषा मराठीची इंग्रजी केली. मंग वापस कोन करन? मांगून येनाऱ्याले काय माहीत, तू काय करून ठेवलं?"

भाषा पूर्ववत करणारी ओळ त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतली.

गेल्या महिन्यात त्या पुण्याच्या नोकरीवर गेल्या. दुसऱ्या दिवशी पाहतो तर खुर्ची खाली, कूलर एकवर, टेबल कोरं. चार वर्षं इथे कोणी बसत होतं, हे सांगूनही खरं वाटू नये.

मी खुर्ची त्यांच्याएवढी वर केली आणि संध्याकाळी तशीच ठेवून घरी गेलो.