गोगलताईंच्या टाक्या

महाविद्यालयात त्यांना सगळे गोगलताई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मागच्या भिंतीला त्यांच्या काचेच्या टाक्या होत्या. टाक्यांत गोगलगाई आणि गोगलगाईंच्या पोटात चपटे परजीवी कृमी. एकच अळी आत शिरते आणि नर नाही, मादी नाही, स्वतःतूनच हजारो पिल्लं काढते.

"बरंय की, लग्नाची कटकट नाही," भाऊ म्हणायचा. ताई बिनलग्नाच्या, त्यामुळे घरात हशा जरा जास्तच पिकायचा.

ताईंना एकच प्रश्न छळायचा: ही विद्या कृमींनी उचलली कधी आणि कुठून? बहुतेक जाणकार म्हणत, गोगलगाईत बस्तान बसल्यावर. ताईंना ते पटत नसे. कृमींचे तळ्यात मोकळे फिरणारे पूर्वज तुटक्या तुकड्यातून अख्खं अंग उभं करत असणार, आणि तीच जुनी ताकद परजीवींनी कामाला लावली असणार. ते पडताळायला त्यांनी एकाच अळीचा वंश, एका गोगलगाईतून काढून दुसरीत सुईने रोवत, वर्षानुवर्षं जगवला. तो थकतच नव्हता, जणू त्या पूर्वजांची ताकद अजून त्याच्यात शाबूत होती. त्यापायी त्यांनी घरातली लग्नं बुडवली, आजारपणं बुडवली.

मग आईला अर्धांगाचा झटका आला. या खेपेला मात्र ताई रुग्णालयात राहिल्या.

"निर्धास्त जा, टाक्यांचं मी बघतो," विभागप्रमुखांनी शब्द दिला होता.

त्या परतल्या तेव्हा टाक्या लखलखीत होत्या. आणि रिकाम्या.

"तपासणी समिती यायची होती हो," प्रमुख म्हणाले. "वास मारत होता. त्यात काय एवढं, तळ्यात ढिगानं मिळतील."

"गोगलगाई मिळतील, सर. माझा वंश नाही मिळायचा."

"वंश!" ते खो खो हसले आणि त्यांनी चहा मागवला. ताई तो प्यायल्यासुद्धा. पुढे त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली ती त्या चहाची.

पुन्हा सुरुवात केली, तर डोळे आणि हात साथ देईनात. काही वर्षांनी दूरदेशीच्या कुणी तोच विचार पुराव्यानिशी मांडला. ताईंनी तो वर्गात शिकवला, स्वतःबद्दल अवाक्षर न काढता.

आई मात्र सावरली. आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची, "लेकीनं माझ्यासाठी सगळं सोडलं." एकदा पाहुणे गेल्यावर तिने विचारलं, "पस्तावतेस का गं?"

ताई तिची वेणी घालत होत्या. नाही म्हणायला असा कितीसा वेळ लागतो?

"हो," त्या म्हणाल्या.

त्यांनी वेणी पुरी केली, टोकाला गाठ मारली. त्यानंतर पाहुणे आले की आई नुसती खिडकीबाहेर बघत बसायची.