ठिबकवाल्या श्रीमंतभाऊंची चोकअप नळी

राहाता तालुक्यात पेरूच्या बागेतलं ठिबक बंद पडलं की लोक आधी श्रीमंतभाऊंना फोन लावतात, मग देवाला. वीस-बावीस वर्षं या माणसानं शिवारभर नळ्या जोडल्या. चोकअप झालेली नळी तोंडाला लावायची, गाल फुगवून फुंकायचं, की कचरा भसकन बाहेर! कंपनीचा माणूस नुसता बघत राहायचा.

असल्या पठ्ठ्याच्या यकृतात पू व्हावा आणि त्याच्याच पोटात नळी बसवायची वेळ यावी, काय म्हणावं! तापानं फणफणलेले भाऊ नगरच्या दवाखान्यात आले ते "पोट फाडू देनार न्हाई" म्हणतच.

"फाडत नाही हो," डॉक्टर आरती म्हणाल्या. "सोनोग्राफीत बघत बघत सुई घालायची, तिच्यामागून बारीक नळी. पू आपोआप पिशवीत येतो."

त्यांनी जागा बधिर केली. भाऊ सोनोग्राफीच्या पडद्याकडं टक लावून बघत राहिले. सुई नेमकी पू साचलेल्या जागी शिरली, तशी त्यांनी दादच दिली, "मॅडम, आमच्या धंद्यात असता तर लई नाव काढलं असतं!"

पहिल्या दिवशी तीनशे मिली, दुसऱ्या दिवशी दोनशे, तिसऱ्या दिवशी दीडशे. चौथ्या दिवशी पिशवी कोरडी ठाक. भाऊंच्या बायकोला, सविताबाईंना, आनंद मावेना. रविवारी घरी लेकीच्या, रोहिणीच्या बाळाचं बारसं होतं. नातवासाठी भाऊंनी पीव्हीसी पाइपाचा पाळणा करायला घेतला होता. त्याचे तुकडे ओसरीत पडलेले, आणि कुठला कुठं बसतो ते एकट्या भाऊंना ठाऊक.

"पू संपला! आता नळी निघंल, परवा घरी," सविताबाई म्हणाल्या.

पण पहाटेच भाऊंना थंडी वाजून आली होती, आणि बारशापायी त्यांनी ती चादरीखाली दडवली होती. आता रिकाम्या पिशवीकडं बघून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्याच्या बागेत असलं खोटं काम त्यांनी कधी केलं नव्हतं. सवयीनं हात नळीच्या जोडाकडं गेला. फुंकायलाच निघाला होता गडी! सविताबाईंनी फटकन चापट मारली.

"आवं, शेत हाय का ते!"

डॉक्टर राउंडला आल्या तसं भाऊंनी सांगून टाकलं, "मॅडम, आटायचं असतं तर हळूहळू आटलं असतं. दीडशावरनं एकदम बंद म्हंजी चोकअप. आन् पहाटं थंडीबी वाजली, मी लपवलं."

डॉक्टरांनी लगेच सोनोग्राफी केली. आत पू तसाच. सिरिंजनं सलाईनचं पाणी नळीत सारलं, अडलेलं सुटलं, आणि पिशवी भरायला लागली.

"नळी काढली असती तर पुन्हा साचला असता. मग कदाचित पोटच उघडावं लागलं असतं," त्या म्हणाल्या. "पण आता आठवडाभर मुक्काम."

गेलं बारसं! भाऊंनी मान खाली घातली. सविताबाईंनी डोळे पुसले आणि तिथूनच फोन लावला, "रोहिणी, बारसं पुढल्या रविवारनंतर करू. पाळन्याला हात लावू नगा कुनी. तुजे आप्पा येत्यात."

आणि आले की! शर्टाखाली पट्टी, हातात पान्हा. तासाभरात पाळणा उभा. बाळाला आत घातलं, आत्यानं कानात नाव सांगितलं, अमृत. तेवढ्यात पाळण्याखाली टपटप थेंब. भाऊंनी घाईघाईनं एकेक जोड चाचपला, वरून हात ओला झाला, तसे गदागदा हसायला लागले.

"फिटिंग पक्कं हाय," ते म्हणाले. "नातवाचं मोकळं चालू हाय. चालू द्या!"