पिवळ्या भिंतीची खोली

आमचे बाबा रंगारी. गल्लीत त्यांना सगळे ‘शेडमास्तर’ म्हणतात. जुन्या भिंतीवर वीतभर ठिगळ मारलं, तरी रंग असा जुळवतील की ठिगळ शोधून सापडायचं नाही. पण त्यांच्या स्वतःच्या रंगानं आमच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर पित्ताची नळी आतून आवळत गेली आणि ते पिवळेधमक झाले. मग ती उघडी ठेवायला आत प्लास्टिकचा स्टेंट आला. तो तुंबला की घशातून दुर्बीण घालून बदलायचा. दर खेपेला आईचा जीव टांगणीला.

शेवटी डॉक्टरांनी विरघळणारा स्टेंट बसवला. “हा काढावा लागत नाही. आपोआप विरघळतो, तोवर नळीला मोकळं राहायची सवय लागते. त्यानंतरही आवळली, तर मात्र मोठं ऑपरेशन.” आम्ही माना डोलावल्या. डोक्यात राहिलं ते फक्त मोठं ऑपरेशन.

पुढच्या काही महिन्यांत बाबांना हुशारी वाटू लागली, तशी त्यांनी हौसेनं घरातली खोली रंगवली. आईचा आवडता, लिंबासारखा पिवळा. सकाळी खिडकीतून लख्ख ऊन आलं आणि चहा देता देता आई किंचाळली, “अहो, तुमचे डोळे!”

मी पाहिलं. पिवळे! बाबा आरशात बघून मटकन खाली बसले.

“झालं. आता पोट फाडणार.”

दवाखान्यात सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, “स्टेंट दिसत नाही.”

आईनं माझ्या दंडात नखंच रुतवली.

“दिसत नाही म्हणजे? गेला कुठं?” बाबा ओरडले.

“विरघळला. सांगितलं होतं ना? नळी मोकळी आहे, रक्त उत्तम. डोळेही पांढरे. पिवळे कुठं दिसले तुम्हाला?”

“घरी,” आई पुटपुटली. “नव्या रंगाच्या खोलीत.”

बाबांनी कपाळावर हात मारला. भिंतीचा रंग तोंडावर पडतो, हे ते जन्मभर गिऱ्हाइकांना बजावत आले होते! मला हसू यायला हवं होतं. मी दंडावरचे आईच्या नखांचे वण चोळत बसले होते.

घरी येताच त्यांनी पांढऱ्या रंगाचा डबा फोडला.

“राहू द्या की. मला आवडतो पिवळा,” आई म्हणाली.

“मला तुझं ते किंचाळणं परत ऐकवणार नाही.”

आजवर त्यांच्या हातून फरशीवर थेंब सांडला नव्हता. त्या दिवशी मात्र ब्रश निथळू द्यायलाही ते थांबेनात. चौकटीवर पांढरे ओघळ उतरले. ते आईनं आजतागायत कुणाला खरवडू दिलेले नाहीत.