प्रेशर धरून बसलेली माणसं

आमच्या टेस्टिंगला एवढे किस्से का जमतात, असं मला कुणी विचारलं तर कारण अगदी साधं आहे. आमच्या कामातला निम्मा वेळ नुसतं बसण्यात जातो. व्हॉल्व्ह बंद करायचा, एका बाजूनं हवा भरायची आणि दाब दाखवणाऱ्या गेजची सुई खाली येते का बघत बसायचं. उठून जाता येत नाही, मोबाईल बाहेर ठेवलेला. मग माणूस काय करणार? बोलणार!

कराडला लागून मलकापूर, तिथून थोडं पुढे आमचं व्हॉल्व्हचं वर्कशॉप. मी तिथली टेस्टिंगची इंजिनिअर. एका वर्षी आम्हाला अणुवीज केंद्राची ऑर्डर मिळाली. अणुभट्टीभोवती काँक्रीटची जाड इमारत असते. तिच्यात हवा खेळवायला मोठाले पाइप असतात आणि त्या पाइपांत आमचे व्हॉल्व्ह. माझ्या कमरेला लागतील एवढे. एरवी उघडे. आत काही बिघडलं तर मात्र काही सेकंदांत बंद व्हायचे आणि आतली हवा बाहेर जाऊ द्यायची नाही. काम एवढंच. पण तेवढ्यासाठी आम्ही वर्षभर नाचत होतो.

*

जुळणीला होते भूपाल आण्णा. पलूसकडचे, घरची द्राक्षबाग, आणि कामावर तीस वर्षांचा हात. ऑर्डरची बातमी त्यांच्या गावात पोचली ती "भूपाल अणुबाँब करतोय" अशी. आण्णांनी पारावर बसून सगळ्यांना समजावलं की बाँब नव्हे, हवेचं दार, संकट आलं की आपोआप लागतं. लोकांना पटलं. तेवढ्यात एका म्हाताऱ्यानं विचारलं, "दार लागलं, पर आत मानसं ऱ्हायली तर रं?"

दुसऱ्या दिवशी टोपी काढायच्या आधी आण्णा तोच प्रश्न घेऊन माझ्या टेबलापाशी. मी ड्रॉइंग काढली, फोन केले आणि दुपारी त्यांना सांगितलं की माणसांना बाहेर यायची वाट निराळी असते. एकामागं एक दोन दारं, एक लागल्याशिवाय दुसरं उघडत नाही.

आण्णा त्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून गावी गेले. म्हाताऱ्याला गाठून म्हणाले, "मानसं भाईर येत्यात. म्याडमला इचारून आलोय. आता झोपा."

*

हा व्हॉल्व्ह हवेच्या दाबावर उघडा राहतो. दाब गेला की आतली स्प्रिंग त्याला खाडकन बंद करते. कागदावर हे मला पाठ होतं. प्रत्यक्षात कळलं ते एका सकाळी, पहिला व्हॉल्व्ह बाकावर उघडा उभा असताना.

लाईट गेली. कॉम्प्रेसर थांबला, त्याच्या टाकीतली हवा हळूहळू उतरली आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना शेडभर असा दणका बसला की माझ्या हातातला चहा माझ्याच ॲप्रनवर! आमचे मॅनेजर केबिनमधून धावत आले. काय फुटलं, कुणाला लागलं, कुणी हात लावला, सगळं एका दमात विचारलं. मग म्हणाले की असं परत व्हायला नको, उद्याच इन्व्हर्टर बसवून घेतो.

आण्णा व्हॉल्व्हभोवती एक चक्कर मारून आले. पाकळी, म्हणजे आतली बंद होणारी चकती, नेमकी जागेवर बसली होती. आम्ही महिनाभर ज्यासाठी धडपडत होतो ते त्यानं आमच्या मदतीशिवाय करून दाखवलं होतं.

"साहेब, आमच्याकडं लाईट गेली की समदी हात बांधून बसत्यात," आण्णा म्हणाले. "लाईट गेल्यावर कामाला लागनारा ह्यो पयलाच गडी बघितला."

इन्व्हर्टर काही आला नाही.

*

हत्यारांच्या खोलीवर सुभेदार शिंदे. माण तालुक्यातले, दहिवडीच्या पुढचे. फौजेतून रिटायर होऊन आलेले. या व्हॉल्व्हच्या आत फडक्याची चिंधीसुद्धा राहून चालत नाही, म्हणून सकाळी दिलेलं हत्यार संध्याकाळी मोजून परत घ्यायचं असा नियम होता. सुभेदार रायफली मोजाव्यात तसे पाने मोजायचे.

एका संध्याकाळी मोजणी चुकली. हत्यार कमी नव्हतं, एक जास्त होतं. दिले होते चौदा, परत आले पंधरा. आम्ही म्हटलं, जाऊ द्या, जास्तच आहे ना! सुभेदारांनी दाराला कडी घातली. "कमी असलं तर हरवलं म्हनायचं. जास्त असलं तर कोनतरी घुसलाय."

कुणालाही घरी सोडलं नाही. शेवटी आण्णांनी पंधरावा पाना हातात घेतला, नाकाशी नेला आणि कान पकडले. तो त्यांच्या बागेतल्या फवारणीच्या पंपाचा होता. सकाळी चुकून पिशवीतून आला आणि हाताला सवयीचा म्हणून दिवसभर वापरला गेला. दांड्यावर मोरचुदाची निळी पूड तशीच.

ती पूड आत गेली असेल तर धातू खात बसणार. अख्खा व्हॉल्व्ह पुन्हा धुवायचा. दुसरा दिवस त्यातच गेला. आण्णा एकटेच पुसत बसले, कुणाला हात लावू दिला नाही. सुभेदारांनी तो पाना कागदात गुंडाळून गेटबाहेर नेला आणि आण्णांच्या मोटारसायकलच्या डिकीत ठेवून आले. म्हणाले, "घुसखोर सीमेपार सोडला."

*

आता शेवटून दुसरा व्हॉल्व्ह.

गिऱ्हाइकाकडून तपासणीला मेनन साहेब यायचे. केरळचे, पण मुंबईत आयुष्य गेलेलं आणि मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. अगदी कमी बोलणारे. त्यांच्या सहीशिवाय काहीही हलत नसे. शेवटच्या दोन व्हॉल्व्हपैकी एकाची टेस्ट झाली, सुई जागची हलली नाही, मेनन साहेबांनी सही केली. पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक दारात लागला.

आणि भूपाल आण्णा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला. रात्रभर डोळा लागला नाही म्हणाले. हवा अडवणारी रबरी रिंग बसवताना बोटाला काहीतरी लागल्यासारखं वाटलं होतं. क्षणभरच. मग टेस्ट पास झाली, आणि त्यांनी मनाची समजूत घातली.

काल का बोलला नाहीत, असं मी जरा जोरातच विचारलं.

"काल समदी खुश हुती, म्याडम."

मॅनेजर भडकले. पास झालेला व्हॉल्व्ह, सही झालेला कागद, दारात ट्रक, आणि एका माणसाच्या बोटाला काहीतरी लागलं म्हणून तो खोलायचा? काही निघालं नाही तर? निघालं तर आणखीच वाईट, गिऱ्हाईक काय म्हणेल? माझ्याकडे बघून म्हणाले, तुमचं काय मत? आण्णांचा हात मी तीन वर्षं बघत होते. मी म्हटलं, खोलू या.

मेनन साहेबांना गेस्ट हाऊसवरून बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्ची ओढून बसले. आण्णांनी रिंग काढली. खालून बोट फिरवत फिरवत एका जागी थांबले. रिंगखाली लोखंडाचं कुसळ होतं. केसाएवढं. आज काही झालं नसतं. दोन-चार वर्षं उघडझाप झाली असती तर त्यानं रबर कापलं असतं, आणि तिथं ते बघायला आण्णा नसते.

मेनन साहेबांनी आपल्या सहीवर रेघ मारली. मग कोरा कागद आण्णांपुढे सरकवला आणि म्हणाले की काय आढळलं ते तुम्हीच लिहा. आण्णा म्हणाले, मला इंग्रजी येत नाही. साहेब म्हणाले, मराठी मला येते.

सगळी फाईल इंग्रजीत आहे. त्यात ते एक पान अजून आहे, वळणदार अक्षरात, एकाच ओळीचं: "हाताला लागलं म्हणून खोललं."

*

आणि हा शेवटचा व्हॉल्व्ह.

दुपारची वेळ. हवा भरलेली, सुई स्थिर, मेनन साहेब गेजसमोर स्टुलावर, आम्ही मागे बाकड्यावर. नेहमीप्रमाणे गप्पा चाललेल्या. आधी बोळातून ट्रक जावा तशी घरघर आली. मग पत्रे वाजायला लागले, बाकडं बुडाखालून सरकल्यासारखं झालं आणि भिंतीवरचे पाने एकमेकांवर आपटू लागले. कोयनेच्या बाजूला असे धक्के अधूनमधून बसतात, आम्हाला ते शिकवावं लागत नाही. "भाईर पळा!" सुभेदार ओरडले आणि सगळं वर्कशॉप एका झटक्यात मैदानात. मॅनेजर तर चपला आतच ठेवून आले होते.

सगळं थांबलं. कुणाला काही झालं नव्हतं. आम्ही हसायला लागलो, घरी फोन लावायला लागलो. मग मी माणसं मोजली. मेनन साहेब कुठायत?

मी आत धावले, माझ्यामागे आण्णा आणि सुभेदार. साहेब स्टुलावर होते तसेच. हातात पेन. खांद्यावर पत्र्यावरची धूळ पडलेली. डोळे सुईवर.

"सर, भूकंप झाला!"

"हो," ते म्हणाले. "तीन वाजून बारा मिनिटांनी. बसा. अजून अकरा मिनिटं शिल्लक आहेत."

आम्ही बसलो. ती अकरा मिनिटं आम्हीही सुईच बघत होतो. वेळ संपली तशी साहेबांनी हवा सोडायला सांगितली, कागद भरला आणि सहीसाठी माझ्यापुढे धरला. शेवटच्या रकान्यात, शेऱ्याच्या जागी, त्यांनी लिहिलं होतं:

"प्रेशर स्टेडी. स्टाफ अ‍ॅबसेन्ट."