कार्डावर नसलेलं उत्तर

मंडळी, दुपारपासून एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून लिहिते.

कळंब्याला मी नववीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. शनिवारी उजळणीसाठी कोडी घालते, इथल्या मुलांच्या बोलीत हुमाणं. कार्डावर पुढे कोडं, मागे उत्तर. आजचं एक कोडं होतं, ‘गळा आहे पण डोकं नाही, अशी वस्तू इंग्रजीत सांगा.’

जूनपासून वर्गात एक शब्दही न बोललेल्या रुक्सानाने हात वर केला. "ब्लाऊज."

मुलं हसली. मी कार्ड उलटलं. तिथे ‘बॉटल’ होतं. मी "चूक" म्हणाले आणि ती खाली बसली.

पुढचं कार्ड हातात घेतलं, पण वाचवेना. चौथीपर्यंत मी घरीच बाबांजवळ शिकले. ‘का?’ असं विचारल्याशिवाय त्यांनी माझं एकही उत्तर खोडलं नव्हतं.

"रुक्साना, माझं चुकलं. ब्लाऊज का, ते सांग बघू."

ती पुन्हा उभी राहिली. मग म्हणाली, "अम्मी ब्लाऊज शिवती, मॅडम. रोज चार-पाच गळ्यांना हातशिलाई मीच करते. डोकं एकालाबी नसतंय की."

वर्ग पुन्हा हसला, पण आता तीही हसत होती. मी फळ्यावर दोन्ही उत्तरं लिहिली.

निघताना ती म्हणाली, "मॅडम, ही कार्डं सोमवारपतोर न्हेऊ? अम्मीला हुमाणं घालायची हायती."

मी सगळा गठ्ठाच दिला.

तुमचं एखादं बरोबर उत्तर कुणी असं चूक ठरवलं होतं का? पुन्हा हात वर करायला किती दिवस लागले?