शिंप्याचं मशीन आणि चार दिवसांची कोठडी

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले. आता ते सगळे डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. एका शिंप्याच्या मशीनचं प्रकरण मात्र या वयातही पाठ सोडत नाही. इंग्रजी अमलातली गोष्ट. मी तेव्हा निपाणीच्या ठाण्यात फौजदार होतो.

एका सकाळी शिवणयंत्राच्या कंपनीचा एजंट फिर्याद घेऊन आला. ही कंपनी मशीन भाडेखरेदीवर द्यायची. दरमहा हप्ता भरायचा. शेवटचा हप्ता फिटला की मशीन गिऱ्हाइकाचं, तोवर कंपनीचं. गावातल्या एका शिंप्याचा एकच हप्ता उरला होता आणि दुकानाला कुलूप होतं. एजंटनं इंग्रजी करारातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. कंपनीच्या परवानगीशिवाय मशीन गावाबाहेर न्यायचं नाही, असं त्यात लिहिलं होतं. खाली शिंप्याचा अंगठा.

"संस्थानात नेऊन विकलं असणार," एजंट म्हणाला. मी अमानतीत खयानतीचा, म्हणजे विश्वासानं सोपवलेली वस्तू हडपल्याचा, गुन्हा दाखल केला.

दुसऱ्या दिवशी तंबाखूची पोती वाहणाऱ्या एका गाडीवानानं आमच्या हवालदाराला बातमी दिली. मशीन त्याच्याच गाडीतून कोल्हापूर संस्थानच्या हद्दीपर्यंत गेलं होतं. पलीकडं आमचा हुकूम चालत नसे. तिथल्या फौजदाराला लिहायचं आणि उत्तराची वाट बघत बसायचं. पण बाजाराच्या दिवशी शिंपी स्वतःच दोरा-बटणं घ्यायला आला आणि सापडला.

चाळिशीचा, किडकिडीत माणूस. मी विचारलं, "मशीन विकलंस?"

"न्हाय सायेब."

"मग कुठं आहे?"

"हाय. सोमवारनंतर सांगतो."

हवालदारानं दम दिला, मी गोडीनं विचारलं. गडी 'सोमवारनंतर' एवढंच म्हणे. एवढं लपवतोय म्हणजे नक्कीच विकलंय, असं मी धरून चाललो. चिकोडीला मॅजिस्ट्रेटपुढं उभा करून त्याची चार दिवसांची कोठडी घेतली.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको आली. फडक्यात बांधलेल्या पावत्या तिनं टेबलावर ठेवल्या.

"सायेब, एक बी हप्ता चुकला न्हाय. शेवटचा काल घेऊन गेलते, तर एजंटानं घेतला न्हाय. केस हाय म्हणाला. पैसं ह्ये पदरात हाईत, आन् तारीख आज हाय."

तिचं बोलणं कानावर आलं, मनावर घेतलं नाही. माझी नजर सगळ्यांत वरच्या पावतीवर गेली होती. पावती एजंटच्याच हातची, गेल्या महिन्याची. त्यावर गावाचं नाव होतं हद्दीपलीकडच्या एका खेड्याचं.

तिला वाचता येत नव्हतं. मी ते नाव उच्चारलं, तशी ती रडायलाच लागली. मग सगळं बाहेर आलं. त्या गावी एका मोठ्या घरी लग्न होतं. आमच्याकडं लग्न ठरलं की शिंपी मशीन घेऊन त्या घरी जाऊन राहतो. घराच्या पुढच्या सोप्यात बसून सगळ्या घराचे कपडे शिवतो, दोन्ही वेळचं तिथंच जेवतो. मी याच भागातला. हे मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं.

मी शिंप्याला बाहेर काढून विचारलं, "हे का सांगितलं नाहीस?"

"सोमवारी अक्षता हाईत, सायेब. मांडवात पोलीस गेला असता तर पोरीच्या नावाला बोल लागला असता. त्यांचं मीठ खाल्लंय."

हवालदाराला धोतर नेसवून पाव्हणा म्हणून पाठवलं. मशीन सोप्यात होतं, शिंप्याचा भाऊ त्यावर बसला होता. एजंटला बोलावून पावती समोर धरली, तर म्हणाला, "व्हय, गेलतो तिथं हप्ता घ्यायला. विसरलो." मी फिर्याद खोटी ठरवून शिंप्याला सोडवलं. मनातून खूशही झालो.

लग्न झाल्यावर शिंपी मशीन गाडीत घालून केसचा कागद पुरा करायला ठाण्यात आला. एजंट आधीच येऊन बसला होता. त्यानं तोच करार उघडला आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. हप्त्याची तारीख टळली तर मशीन कंपनीचं; आधी भरलेलं सगळं भाड्यात जमा.

शिंपी माझ्याकडं बघून म्हणाला, "त्या तारखेला मी तुमच्याच कोठडीत हुतो की."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फिर्याद टिकावी म्हणून ती दिलीच नव्हती. तारीख टळेपर्यंत माणूस आत राहावा, एवढंच हवं होतं, आणि ते काम सरकारी पगारावर मी करून दिलं. वरिष्ठांना लिहिलं, 'गैरसमजातून दिलेली फिर्याद' असा शेरा मारून कागद परत आला. वकिलाला विचारलं. तो म्हणाला, "दिवाणी दावा करा." ज्याच्याकडं सुई-दोऱ्याशिवाय काही उरलं नाही, त्यानं दावा करायचा. कंपनीसाठी माझ्याकडं कलम होतं. गिऱ्हाइकासाठी मी सगळी पुस्तकं चाळली, एक ओळ सापडली नाही. मशीन एजंट घेऊन गेला.

त्यानंतर मी कुठलाही करार समोर आला की पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचून घ्यायचो. फिर्यादी बोट ठेवतो तेवढंच वाचणारा अधिकारी त्याचा गडी होतो. आता अशा करारांना लगाम घालणारा कायदा हवा, असं लोक बोलतात. हवाच. पण शिंप्याची बायको शेवटचा हप्ता पदरात घेऊन माझ्यासमोर उभी होती, तेव्हा कायदा नव्हता तरी मला कान होते.

बदली होईपर्यंत तो शिंपी हातशिलाईवर दिवस काढताना दिसायचा. मला कधी वाकडा शब्द बोलला नाही. समोर आलो की सुई थांबवून रामराम करायचा, आणि तो रामराम घ्यायला नको म्हणून मी गल्ली बदलायचो.