बर्फाच्या बुटांची धार

बर्फावरची हॉकी खेळायची तर आधी बर्फ पाहिजे, आणि आमच्या मुलुंडात बर्फ म्हणजे कोळणीच्या पाटीतला, नाहीतर गोळेवाल्याच्या गाडीवरचा. म्हणून आम्ही चाकांवर खेळायचो. बागेच्या मागे सिमेंटचं एक रिंगण होतं. संध्याकाळी पाच ते सात तिथे आम्ही आठ-दहा जण चार चाकांचे स्केट्स बांधून, जुन्या टायरमधून कापलेल्या रबरी चकतीमागे पळायचो. पडलं की गुडघ्याचं साल निघायचं. शिकवणारे सर बँकेत कारकून होते. त्यांनी स्वतः बर्फावर पाऊल कधी ठेवलं नव्हतं, पण हे त्यांनी आम्हाला फार उशिरा सांगितलं.

मी अकरावीत होतो त्या वर्षी सरांनी सिमल्याचं ठरवलं. तिथे थंडीत उघड्यावर पाणी गोठवून रिंगण करतात. तिथल्या मुलांबरोबर दोन सकाळी दोन मॅच. ऊन चढलं की बर्फ मऊ पडतो, त्यामुळे खेळ सकाळीच. भाड्याचे बूट मोजकेच मिळणार होते, म्हणून सर म्हणाले, ज्याच्याकडे स्वतःचे बूट तो संघात पक्का. मला त्या वर्षी दुसरं काही नको होतं. अकरावीत गटांगळी खाल्ली असती तरी चाललं असतं, पण बर्फावर एक मॅच खेळायची होती. हे मी घरात इतक्या वेळा बोललो की आईने शेवटी हात जोडले.

बूट चोरबाजारात मिळाले. मापाला जरा लहान, बोटं दुमडायची. पाती गंजलेली, आणि प्रत्येक पात्याच्या मधोमध टोकापासून टाचेपर्यंत एक बारीक खाच. ती खाच कशासाठी, हे मला ठाऊक नव्हतं. सरांनाही नव्हतं.

बाबा गिरणीत फिटर होते. संपानंतर गिरणी परत सुरू झाली, पण त्यांना कोणी बोलावलं नाही. मग ते नाहूरला एका गोदामावर वॉचमन म्हणून लागले. बारा तास खुर्चीवर बसायचं. वीस वर्षं लोखंडाशी झटलेला माणूस, घरी यायचा तोही खुर्चीसारखाच गप्प. त्या दिवशी मात्र त्यांनी बूट उचलला आणि पात्यावरून अंगठा फिरवला.

"धार गेली हा," ते म्हणाले. "मधी खाच पडली."

आता चाळीतल्या प्रत्येक घरातली विळी बाबांच्या हाताखालून गेलेली. गावाला गेले की वाडीतले कोयते ओटीवर रांगेत येऊन पडायचे. बोथट पातं दिसलं की त्यांना बघवायचं नाही. दोन संध्याकाळ ते मोरीपाशी धारेचा दगड घेऊन बसले. गंज गेला, खाच गेली, दोन्ही बाजूंनी उतार येऊन पातं विळीसारखं लखलखीत झालं. वर गंज धरू नये म्हणून खोबरेल. मग त्यांनी पेपरचं पान उभं धरून पात्याने सरळ चिरून दाखवलं आणि हसले. दोन वर्षांनी हसत होते. मलाही वाटलं, झकास! आता आपल्याला कोण अडवतो?

सिमल्याला पहिल्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी बर्फावर उतरलो आणि सगळ्यांच्या आधी आडवा झालो. उठलो, परत पडलो. सरळ उभं राहिलं की पातं बर्फात रुतायचं, जोर द्यायला पाय तिरका केला की तो भलतीकडेच निसटायचा. भाड्याचे बूट घातलेले आमचे बाकीचे वीर धडपडत का होईना, पुढे सरकत होते. तिथे रिंगण राखणारा एक म्हातारा होता. त्याने माझा पाय उचलून तळ पाहिला.

"किसने किया ये? इसकी तो छुरी बना दी."

त्यानेच समजावलं. खाच असते म्हणून पात्याला दोन कडा असतात, आणि त्या कडांनीच पाय बर्फ धरतो. खाच नाही तर काही नाही. ती परत पाडून आणायला आठवडा लागेल म्हणाला. भाड्याचे माझ्या मापाचे बूट उरले नव्हते. वाट लागली. दोन्ही मॅच मी मफलर गुंडाळून फळीवर बसून पाहिल्या. आम्ही सपाटून हरलो, त्याचं मला काहीच वाटलं नाही. बाबांचा मात्र भयंकर राग आला. घरी गेल्यावर काय काय सुनवायचं, ते परतीच्या वाटेत मी पाठ करून ठेवलं.

दार बाबांनीच उघडलं. त्या दिवशी त्यांनी ड्युटी बदलून घेतली होती. माझ्या हातातली पिशवी घेण्याआधी त्यांनी विचारलं, धार कशी होती. मी म्हणालो, एक नंबर, सगळे विचारत होते कोणी लावली. बूट मी पेपरात गुंडाळून माळ्यावर टाकले.

खोटं एकदाच बोलायचं असतं असं मला वाटलं होतं. बाबांनी ते गोदामावर सांगितलं, चाळीत सांगितलं, गावाहून आलेल्या पाहुण्यांनाही सांगितलं. पुढच्या डिसेंबरात संघाचं परत सिमल्याला जायचं ठरलं. तळमजल्यावरचा एक जण त्या वर्षी नव्याने आमच्यात आला होता. त्याने स्वतःचे बूट घेतले, तेव्हा बाबांनी त्याला आपण होऊन वर बोलावलं. मी घरी आलो तर तो दारात उभा, आणि बाबा मांडीवर त्याचा बूट घेऊन दगडावर पाणी शिंपडत होते.

"बाबा, थांबा. त्या खाचेला हात लावू नका."

मग सगळं सांगितलं, त्या मुलासमोरच. बाबा चिडले नाहीत. बूट उजेडात धरून एक डोळा मिटून पात्यावरून बघत राहिले.

"मगे तू खेळलंस कसो?"

"नाही खेळलो."

"माका सांगूक काय झाला तुका?" ते म्हणाले. "खाच पाडूक असो किती येळ लागता?"

मला खरोखर लाज वाटली. हा माणूस गिरणीत वीस वर्षं यंत्रांचे भाग घासून, खाचा पाडून, बसवून देत होता. मी वर्षभर त्याचं मन जपत होतो आणि त्याला काय येतं हेच विसरलो होतो. मी त्यांना फक्त विळीला धार लावणारा समजून बसलो होतो.

त्यांनी माझे बूट माळ्यावरून काढायला लावले. जुन्या सोबत्याकडून बारीक गोल कानस आणली. आधी पात्याची धार घासून सपाट केली, मग चार संध्याकाळ बसून खाच पाडली, पॉलिश पेपरने आतून गुळगुळीत केली. तळमजल्यावरच्याच्या पात्याशी ताडून पाहिली. दोन दिवसांवर निघायचं होतं.

"घाल," ते म्हणाले.

टाच आत जाईना. आईने पावडर दिली, चमचा दिला, बाबांनी गुडघ्याने रेटून पाहिलं. बूट आधीच लहान होते, आणि पाय वर्षभर वाढला होता.

"एक वरीस उशीर केलंस," बाबा म्हणाले, आणि नाडी सोडायला लागले.

मी गेलो नाही. बूट संघातल्या एका लहान पायाच्या खेळाडूला दिले. परत आल्यावर तो ते द्यायला घरी आला, तेव्हा बाबांनी त्याला विचारलं, खाच कशी होती. तो म्हणाला, एक नंबर. तो दोन्ही मॅच खेळून आला होता.